रिकाम्या घरातील लहान खोली आणि खरेदीदाराची शंका

दुपारच्या वेळी एजंट बंद सदनिकेचे कुलूप उघडतो. आत कोंदट वास. ट्यूबलाइट दोनदा लुकलुकून लागते. घर पाहायला आलेले कुटुंब चपला काढायच्या की नाहीत या विचारात दाराशी थबकते आणि मग न काढताच आत शिरते. दिवाणखाना पाहून होतो, स्वयंपाकघरातला ओटा पाहून होतो. शेवटी सगळे आतल्या लहान खोलीच्या दारात येऊन उभे राहतात. चार भिंती, एक खिडकी, जुन्या कॅलेंडरचा खिळा. 'इथे पलंग मावेल का हो?' गृहिणी विचारते. 'मावतो की!' एजंट सांगतो. त्यावर कोणी काही बोलत नाही. 'दोन दिवसांत कळवतो' असे सांगून मंडळी जिना उतरतात आणि बहुधा कधीच कळवत नाहीत.

मुंबई, ठाणे, डोंबिवली किंवा पुण्यात एक-दोन खोल्यांचे जुने घर विकायला काढलेल्या अनेकांना हा अनुभव परिचयाचा आहे. आईवडील गेले, मुले परगावी किंवा परदेशी स्थिरावली आणि घराला कुलूप लागले, अशी ही घरे. विकली जाईपर्यंत सोसायटीचा मेन्टेनन्स, मालमत्ता कर आणि किमान वीजबिल सुरूच राहते. त्याच पैशांच्या भरवशावर दुसरे घर घेतले असेल, तर त्या कर्जाचे हप्तेही चुकत नाहीत. घर तेच, इमारत तीच, भावही वाजवी. तरी व्यवहार अडतो तो बहुतेक वेळा त्या लहान खोलीच्या दारातच.

ही अडचण सोडवण्यासाठी रिकाम्या घरात थोडे फर्निचर मांडून ते दाखवण्याची पद्धत अमेरिकेत रुळली आहे. तिला 'होम स्टेजिंग' म्हणतात. सिएटल परिसरातील मालमत्ता विक्रेत्या बार्ब श्वार्ट्झ यांनी १९७२ मध्ये ही कल्पना प्रथम वापरली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आपल्याकडे बिल्डरांचे 'सँपल फ्लॅट' सर्वांनी पाहिलेले असतात. मात्र जुन्या घराच्या फेरविक्रीत अशी मांडणी करण्याची प्रथा अजून फारशी रुजलेली नाही. मालक रंग काढतो, फरशी पुसून घेतो आणि किल्ली एजंटकडे देतो, एवढीच काय ती तयारी.

स्टेजिंग म्हणजे अंतर्गत सजावट नव्हे. सजावट राहणाऱ्याच्या आवडीनुसार होते आणि ती वर्षानुवर्षे टिकावी अशी अपेक्षा असते. स्टेजिंग ही अनोळखी माणसाला अर्ध्या तासात घर समजावे म्हणून केलेली तात्पुरती मांडणी असते. तीत मालकाच्या आवडीला जवळजवळ स्थान नसते. पडदे कोणाला आवडले का हा प्रश्न तिथे गौण असतो. दोन माणसे या खोलीत झोपू शकतील, सकाळी उठून कपाट उघडू शकतील आणि एकमेकांना धक्का न लागता बाहेर पडू शकतील, एवढे पाहणाऱ्याला दिसले पाहिजे.

लहान म्हणजे किती?

मराठी माणसाला लहान खोलीचे अप्रूप नाही. मुंबईतल्या बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत १९२०च्या दशकापासून पिढ्यान् पिढ्या नांदल्या. त्यामुळे 'एवढ्या जागेत कसे राहायचे' हा प्रश्न त्याला नवा नाही. फरक एवढाच, की चाळीतली खोली सामानासकट, भरलेली दिसत असे आणि शेजारच्या बिऱ्हाडाकडे पाहून आपले बिऱ्हाड कसे लागेल हे उमगत असे. बंद सदनिकेत तो आधार नसतो.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरात एकच राहती खोली असेल, तर तिचे क्षेत्रफळ किमान साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट असावे लागते. दोन खोल्या असतील, तर एक साडेनऊ चौरस मीटरची आणि दुसरी किमान साडेसात चौरस मीटरची, म्हणजे सुमारे ८१ चौरस फुटांची चालते. तिची रुंदी २.१ मीटरपेक्षा कमी नसावी. बोलीभाषेतली 'दहा बाय दहा' आणि 'नऊ बाय नऊ' ही मापे या किमान मर्यादांच्या आसपासच आहेत. खोली नियमात बसते, पण पलंग बसतो का, हे संहिता सांगत नाही.

फर्निचरने खोली मोठी दिसते का?

या विषयावर बोलणारे बहुतेक जण ठासून सांगतात, की फर्निचर मांडले की खोली मोठी दिसते. हा दावा जपूनच घ्यायला हवा. जर्मनीतील माइन्झ येथील संशोधकांनी २०१४ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात दोन प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्यात खोलीच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती वापरल्या होत्या. त्यात फर्निचर असलेली खोली पाहणाऱ्यांना अधिक उंच भासली, परंतु कमी ऐसपैस वाटली. दुसऱ्या प्रयोगात संगणकावरील आभासी खोल्या दाखवल्या, तेव्हा फर्निचर असण्या-नसण्याने काहीच फरक पडला नाही. म्हणजे पलंग ठेवल्याने भिंती मागे सरकतात, असे म्हणायला आधार नाही.

किमतीचेही तसेच. लेन, सायलर आणि सायलर या अमेरिकी अभ्यासकांनी २०१५ मध्ये 'जर्नल ऑफ हाउसिंग रिसर्च'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भिंतींचा रंग व फर्निचर बदलून एकच घर खरेदीदारांना दाखवले. त्यांनी देऊ केलेल्या किमतीत लक्षणीय फरक आढळला नाही. घर राहण्याजोगे वाटते की नाही, या मतावर मात्र परिणाम झाला. अमेरिकेतील मालमत्ता व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२३च्या पाहणीत खरेदीदारांच्या बाजूने काम करणाऱ्या ८१ टक्के एजंटांनी सांगितले, की मांडलेल्या घरात 'हे आपले घर' अशी कल्पना करणे ग्राहकाला सोपे जाते. हे एजंटांचे मत आहे, विक्रीचा हिशेब नव्हे, हे लक्षात ठेवावे.

तेव्हा विक्रेत्याने स्टेजिंगकडून भाव वाढण्याची आशा धरू नये. दारात उभ्या असलेल्या माणसाच्या मनातली शंका मिटवणे, एवढेच त्याचे काम. लहान खोलीच्या बाबतीत ही शंका सर्वांत मोठी असते, म्हणून तिथे त्याचा उपयोगही सर्वाधिक होतो. सगळे घर मांडण्याची ऐपत नसेल, तर दिवाणखाना रिकामा ठेवून लहान खोली मांडावी. पाश्चात्त्य पुस्तकांतला सल्ला नेमका उलटा, आधी दिवाणखाना मांडा असा असतो. पण तिथला दिवाणखाना आणि इथली आतली खोली यांची तुलनाच होऊ शकत नाही.

पलंगाचा हिशेब

बाजारात मिळणाऱ्या गाद्यांची मापे ठरलेली असतात. 'किंग' म्हणजे साधारण साडेसहा फूट बाय सहा फूट, 'क्वीन' साडेसहा बाय पाच, तर एकेरी गादी सहा ते साडेसहा फूट लांब व तीन फूट रुंद. नऊ बाय नऊच्या खोलीत 'किंग' पलंग मधोमध लावला, तर दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट आणि पायथ्याशी अडीच फूट उरते. कपाटाची खोली दोन फूट धरली, तर पायथ्याशी कपाट ठेवल्यावर जेमतेम सहा इंच फट राहते. कपाट उघडणारच नाही. एजंटने 'मावतो की' म्हटले ते खोटे नव्हते. पलंग मावतो, पण मग माणसे मावत नाहीत.

त्याच खोलीत 'क्वीन' पलंगाची लांब बाजू भिंतीला लावली, तर दुसऱ्या बाजूला चार फूट मोकळे मिळतात. त्या बाजूच्या भिंतीला दोन फूट खोलीचे कपाट लावून मध्ये दोन फुटांची वाट उरते. दीड फुटी पल्ल्याचे दार तिथे सुखाने उघडते. पायथ्याचे अडीच फूट खोलीचे दार फिरायला राहतात. भिंतीकडे झोपणाऱ्याला उठताना दुसऱ्याला ओलांडावे लागते, हा तोटा आहेच. पण खोली वापरात येते, आणि ती कशी वापरात येते हे पाहणाऱ्याला एका नजरेत कळते. पलंगाच्या चौकटीमुळे गादीच्या मापात दोन-चार इंचांची भर पडते, तीही धरावी.

म्हणून खोलीत काही आणण्याआधी तिचे माप स्वतः घ्यावे. कराराच्या कागदावरील किंवा नकाशावरील आकडा गिलाव्याआधीचा असू शकतो. दाराची पट्टी, खिडकीच्या कठड्याची उंची, पंख्याचे मध्य, प्लगची जागा आणि खांबाचा बाहेर आलेला कोपरा या गोष्टी नोंदवाव्यात. जुन्या इमारतींत लहान खोलीचा एखादा कोपरा खांबाने खाल्लेला असतोच. तो झाकण्यापेक्षा त्याच्या बाजूच्या खळग्यात फळ्या किंवा अरुंद कपाट दाखवावे.

दहा बाय दहा असेल, तर गणित बरेच सुटते. 'क्वीन' पलंग मधोमध लावून दोन्हीकडे अडीच-अडीच फूट राहतात आणि पायथ्याशी साडेतीन. सरकत्या दाराचे कपाट पायथ्याशी ठेवले, तरी दीड फुटांची वाट उरते. ती अरुंदच, पण चालण्याजोगी.

आता दुसरी, त्याहूनही लहान खोली. दोन शयनगृहांच्या अनेक जुन्या सदनिकांत सात-आठ फूट रुंदीची एक खोली असते, जिला मालक आग्रहाने 'बेडरूम' म्हणतात आणि पाहणारे मनात 'अडगळीची खोली' म्हणतात. इथे दुहेरी पलंग कोंबणे ही सर्वांत सामान्य चूक. एक एकेरी दिवाण, खिडकीखाली दोन फूट खोलीचे टेबल, एक खुर्ची आणि भिंतीवर दोन फळ्या एवढ्या सामानात ती मुलाची अभ्यासाची खोली होते. २०२०च्या टाळेबंदीनंतर घरून काम करणाऱ्यांची संख्या वाढल्यामुळे अशा खोलीला मागणीही आली. घरात वृद्ध आई किंवा सासरे असतील, तर तीच खोली त्यांची. अशा ग्राहकाला टेबलापेक्षा दिवाणाशेजारी उजव्या हाताला लागणारे बटण आणि स्नानगृहापर्यंतची मोकळी वाट महत्त्वाची वाटते. एकाच मांडणीतून दोन्ही उपयोग सुचवता येतात, तीनचार नव्हे.

स्वयंपाकघर मांडायला फारसे काही लागत नाही. ओटा रिकामा व कोरडा ठेवावा. फ्रिज आणि वॉशिंग मशीन कुठे बसेल हे जमिनीवर कागदी पट्टी चिकटवून दाखवले, तर बहुतेक प्रश्न तिथेच संपतात.

आधी वास, मग वस्तू

फर्निचर आणण्याआधीची तयारी कंटाळवाणी असते आणि तीच टाळली जाते. महिनोन् महिने बंद घरात दुर्गंधी येते, तिचे कारण पुष्कळदा साधे असते. न्हाणीघरातील जाळीखालच्या ट्रॅपमध्ये जे पाणी साचून राहते, तेच गटाराचा वायू वर येऊ देत नाही. वापर नसेल तर ते पाणी आटते. दर आठवड्याला प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये आणि कमोडमध्ये थोडे पाणी ओतावे. सुगंधी फवाऱ्याने हा वास जात नाही. उलट 'काय लपवताय' असा संशय येतो.

पावसाळ्यानंतर कपाटांच्या आत बुरशी धरते. दारे उघडी ठेवून, आतून पुसून, ऊन-वारा द्यावा. भिंतीतले सर्व खिळे काढून भोके पुट्टीने बुजवावीत. देवघराची जागा, हार घातलेल्या फोटोंचे ठसे, मुलांची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या खुणा यांवर रंग फिरवताना घरच्यांना अवघड जाते, हे खरे. पण येणाऱ्याला ते दुसऱ्याचे घर वाटता कामा नये. वडिलांचे लोखंडी कपाट आणि माळ्यावरच्या ट्रंकाही विक्रीआधीच हलवाव्यात. लहान खोलीत एक जुने कपाट ठेवून बाकी रिकामे ठेवले, तर ती हमखास अडगळीची खोली दिसते.

वेळेचाही विचार करावा. पितृपक्षात घर पाहायला येणारे कमी होतात आणि दसरा-दिवाळीला पुन्हा वाढतात. पावसाची ओल ओसरू लागलेली असेल, तर हा पंधरवडा रंगकाम आणि सफाईसाठी सोयीचा. गुढीपाडवा व अक्षय्यतृतीयेच्या आधीही अशीच तयारी करता येते. ताज्या रंगाचा वास जायला काही दिवस मोकळे ठेवावेत.

लहान खोलीला भिंती आणि छत दोन्हींना एकच फिकट रंग द्यावा. एका भिंतीला गडद रंग देण्याची हौस इथे नको. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीवर न लावता छताजवळ लावली, की खिडकी मोठी वाटते. पडदा पातळ हवा. खिडकीसमोर शेजारची इमारत असेल, तर तोच पडदा उजेड आत घेतो आणि भिंत झाकतो. दिव्यांची बाब अनेकांच्या ध्यानातही येत नाही. साडेसहा हजार केल्विनचा निळसर पांढरा दिवा खोलीला दवाखान्याची कळा आणतो. तीन ते चार हजार केल्विनचा दिवा आणि दुसऱ्या कोपऱ्यात एक लहान दिवा लावला, तर कोपरे अंधारात राहत नाहीत. आरसा खिडकीसमोर लावल्यास उजेड वाढतो. पण पलंगासमोर आरसा काही ग्राहकांना वास्तुशास्त्राच्या कारणाने खटकतो. पलंगाचे उसे उत्तरेला असणेही अनेकांना चालत नाही. मालकाचा विश्वास असो वा नसो, मोबाइलमधील होकायंत्र उघडून पाहणारे ग्राहक येतातच.

गादी, उशा, पडदे, एक सतरंजी यांचा आणखी एक उपयोग आहे. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि लोक नकळत हळू बोलू लागतात. कापडाने तो घुमणारा आवाज बसतो. मग नवरा-बायको खोलीतच उभे राहून चर्चा करतात.

मांडणी आणि फसवणूक

लहान खोली मोठी भासवण्याच्या काही युक्त्या बांधकाम व्यवसायात जुन्या आहेत. नेहमीपेक्षा आखूड पलंग बनवून घेणे, कपाट न ठेवणे, दारे काढून टाकणे, मधली भिंत काचेची करणे. सँपल फ्लॅट पाहून हरखलेले कुटुंब ताबा घेतल्यावर आपला जुना पलंग आत नेऊ शकत नाही, असे प्रसंग घडले आहेत. 'रेरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०१६च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १२ मध्ये नमुना सदनिकेतील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्यास नुकसान झाल्यास विकासकाने भरपाई द्यावी, अशी तरतूद आहे. याच कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्याही नक्की केली. तीत आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरली जात नाही.

जुने घर विकणारा खासगी मालक विकासक नसतो. मात्र तोही मोकळा नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही कळणार नाही, तो उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तसे न करणे कपट मानले जाते. वरच्या मजल्यावरून झिरपणारी ओल पुट्टी आणि रंगाखाली दडपून त्यासमोर कपाट उभे करणे ही सजावट नव्हे. विनापरवानगी बाल्कनी खोलीत घेऊन खोली मोठी केली असेल, तर तेही आधीच सांगावे. एक पावसाळा गेला की भिंत सगळे सांगतेच.

छायाचित्रांचेही हेच. मोबाइलच्या रुंद भिंगाने आठ फुटांची खोली बारा फुटांची दिसते आणि पलंग होडीसारखा लांब होतो. असे चित्र पाहून आलेला माणूस दारातच हिरमुसतो; त्यानंतर घरातली कोणतीही चांगली गोष्ट त्याला दिसत नाही. साध्या भिंगाने, छातीच्या उंचीवरून, दाराबाहेर उभे राहून चित्र घ्यावे. अलीकडे संगणकाच्या साह्याने रिकाम्या खोलीच्या चित्रात फर्निचर घालता येते. ते स्वस्त पडते, पण प्रत्यक्षात खोली रिकामीच राहते आणि चित्रातला पलंग खऱ्या मापाचा असेलच असे नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६पासून जाहिरातीतील अशी बदललेली चित्रे तशी असल्याचे नमूद करणे कायद्याने सक्तीचे झाले आहे. आपल्या विक्रेत्यांनी कायद्याची वाट न पाहता चित्राखाली तसे लिहावे आणि शेजारी रिकाम्या खोलीचे चित्रही द्यावे.

खर्च कुठे करावा

लहान खोलीसाठी नवे फर्निचर घेण्याची गरज नसते. मुंबई-पुण्यात महिन्याच्या भाड्याने पलंग, टेबल, कपाट देणाऱ्या कंपन्या आहेत. किमान किती महिने घ्यावे लागते आणि अनामत किती, हे आधी विचारावे. दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न असेल, तर नातेवाइकांकडचा दिवाण आणून धुतलेली पांढरी चादर अंथरली तरी भागते. फक्त तो खऱ्या मापाचा असावा आणि जिन्यातून वर जातो का हे आधी पाहावे. फर्निचर हलवण्याचे सोसायटीचे स्वतःचे नियम असतात; लिफ्टची वेळ आणि पहारेकऱ्याला पूर्वसूचना हे दोन्ही सांभाळावे. वीजजोडणी बंद करून पैसे वाचवण्याचा विचार मात्र सोडावा. टॉर्चच्या उजेडात घर कोणी घेत नाही.

टोकन घेताना मांडलेल्या वस्तू किमतीत धरलेल्या नाहीत, हे लेखी नोंदवावे. पंखे, दिवे, पडद्याच्या दांड्या आणि भिंतीत बसवलेल्या फळ्या राहणार की जाणार, यावरून ताबा देण्याच्या दिवशी वाद होतात, आणि ते रकमेच्या मानाने फारच कडवट होतात.

घर दाखवताना खोलीत आधी एजंटने शिरू नये; नऊ बाय नऊमध्ये चौथा माणूस आला की मांडणीचा हिशेबच बिघडतो. खोलीचे खरे माप, पलंगाचे माप आणि मधल्या वाटेचे माप लिहिलेला कागद टेबलावर ठेवावा, सोबत एक मोजपट्टी. पाहणाऱ्याने ती हातात घेतली, तर विक्रेत्याने दिवाणखान्यात जाऊन थांबावे.